पाठीराखा आणि प्रतिपक्षाचे गाव

क्रिकेटवर मराठीत लिहिले गेले नाही, असे आज कोणासही म्हणता येणार नाही. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचनाची वाट पाडली, वि. वि. करमरकर यांनी दैनिकाच्या क्रीडापृष्ठास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. शिरीष कणेकर व द्वारकानाथ संझगिरी यांनी खेळाडूंची शब्दचित्रे घरोघर पोहोचविली. यांपैकी शेवटचे तिघेही २०२३ ते २०२५ या अल्पशा काळात निवर्तले. एक पिढी संपली, म्हणजे तिने मागे ठेवलेल्या ठेव्याचा ताळेबंद मांडण्याची वेळ आली. तो मांडू लागले असता एक रकाना जवळजवळ कोरा आढळतो, आणि त्याच रकान्याविषयी आम्हांस येथे काही विचार मांडावयाचा आहे. आपल्या क्रीडावाङ्मयात खेळाडू आहे, सामना आहे, आठवण आहे, विनोदही आहे. परंतु खेळ पाहणारा मनुष्य मात्र केवळ गर्दी म्हणून आहे. तो टाळ्या वाजवितो, हुर्यो उडवितो, आणि नाटकातील सैनिकांप्रमाणे पडदा पडताच दिसेनासा होतो. त्याला घर आहे, शेजार आहे, सामन्यानंतरचा दुसरा दिवस आहे, याची दखल क्वचितच घेतली गेली आहे. त्यातही जो मनुष्य आयुष्यभर एका संघाचा अभिमान बाळगतो आणि आयुष्यभर प्रतिस्पर्धी संघाच्या गावात राहतो, त्याच्या वाट्यास आजवर थट्टेपलीकडे फारसे काही आलेले नाही. हा मनुष्य थट्टेचा विषय नसून विचाराचा विषय आहे, एवढेच नव्हे तर खरा रसिक कोण या जुन्या प्रश्नावर त्याच्यापासून बराच प्रकाश पडण्यासारखा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्या भाषेने या मनुष्यास जे नाव दिले आहे, त्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. त्यास आपण 'पाठीराखा' म्हणतो. हा शब्द क्रीडांगणावर जन्मलेला नाही. तो जात्यावर जन्मलेला आहे. स्त्रियांच्या ओव्यांत पाठीराखा म्हणजे भाऊ. सासरी गेलेल्या बहिणीची पाठ राखणारा, दिवाळीस मुराळी होऊन येणारा. म्हणजे ज्या शब्दाने आपण संघाच्या अभिमान्याचा निर्देश करतो, तो शब्द मुळात सासर आणि माहेर यांमधील अंतराने निर्माण केलेला आहे. दुसऱ्याच्या घरात जन्म काढावयाचा, ते घर आपले म्हणून सांभाळावयाचे, तेथील देव पुजावयाचे, आणि तरीही मनाच्या एका कोपऱ्यात माहेरचे नाव कोणासही पुसू द्यावयाचे नाही, ही निष्ठा मराठी मनास अपरिचित नाही. तिच्यावर आपल्या भाषेने शतकानुशतके गाणी रचिली. वारकऱ्यांनी तर पंढरीलाच माहेर म्हटले. येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. सासुरवाशिणीस सासर निवडण्याचा अधिकार बहुधा नव्हता, आणि तिची निष्ठा दुःखातून आलेली होती. क्रीडेच्या पाठीराख्याचे तसे नाही. त्याचा अभिमान स्वखुशीचा असतो आणि तो सोडून देण्यास त्यास कोणाची आडकाठी नसते. परंतु याच कारणाने त्याची कसोटीही अधिक नाजूक ठरते. सोडून देणे ज्यास सहज शक्य आहे, त्याने न सोडणे यास काहीतरी अर्थ असलाच पाहिजे.

आता हा विषय हवेत राहू नये म्हणून आम्ही दापोलीचे उदाहरण घेतो. १८१८ नंतर इंग्रजांनी जेथे लष्करी छावणी वसविली, आणि ज्यास जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणत आली, त्या गावाचे वैशिष्ट्य असे की त्या तालुक्याची मुले दोन वाटांनी बाहेर पडली. एक वाट घाट चढून पुण्यास गेली. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यातले. मुरूडचे धोंडो केशव कर्वे आणि मुर्डीचे रँग्लर परांजपे यांचीही कर्मभूमी अखेर पुणे हीच झाली. दुसरी वाट हर्णै-दाभोळच्या बोटींनी मुंबईस गेली, आणि ती फार मोठ्या लोकसंख्येची वाट होती. गिरणीत, गोदीत, पेढीत, पोस्टात, रेल्वेत राबणारा चाकरमानी गणपतीस व शिमग्यास गावी येई, तो येताना मुंबईची बोली, मुंबईचे कापड आणि मुंबईच्या मैदानांवरील वार्ताही घेऊन येई. अशा रीतीने दापोलीच्या पुष्कळ घरांत एक बिऱ्हाड मुंबईस, एक पुण्यास आणि वडीलधारी माणसे गावी, अशी तीन चुली मांडलेली एकच गृहस्थी चालत आली आहे.

क्रिकेटच्या नकाशावर मात्र या घराची स्थिती चमत्कारिक होते. रत्नागिरी जिल्हा हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे पुण्यास मुख्य ठाणे असलेल्या संस्थेच्या, क्षेत्रात मोडतो. मुंबईच्या संघाचे क्षेत्र त्या शहरापुरते व त्याच्या उत्तरेकडील लगतच्या प्रदेशापुरते आहे; नागपूरकडे विदर्भाचा संघ निराळा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' यासाठी मराठी माणसाने रक्त सांडले, आणि १ मे १९६० रोजी ते राज्य स्थापन झाले. परंतु रणजी करंडकाच्या सामन्यांत मुंबई व महाराष्ट्र हे तेव्हाही परस्परांचे प्रतिस्पर्धी होते आणि आजही आहेत. तात्पर्य, दापोलीच्या आझाद मैदानावर चेंडू टाकणारा मुलगा उद्या नावारूपास आला तर त्याने महाराष्ट्राकडून खेळावयाचे. आणि त्याच्या घरातील चाकरमानी काका चाळीस वर्षे मुंबईचा विजय साजरा करीत आलेला. परळच्या चाळीत महाराष्ट्राचे नाव घेणारा आणि पुण्याच्या पेठेत मुंबईचे नाव घेणारा, हे दोघेही या एकाच घरातून निघू शकतात.

या दोघांत कोणाची निष्ठा अधिक कसाची, असा प्रश्न कोणी केला तर आकडेच उत्तर देतील. २०२३-२४ च्या हंगामात मुंबईने रणजी करंडक ४२ व्या वेळी जिंकला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर ओळीने १५ वर्षे तो तिच्याकडेच होता. महाराष्ट्राने तो दोनदाच जिंकला, १९३९-४० व १९४०-४१ साली, दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१ साली अंतिम सामन्यात मुंबईकडून, १९९२-९३ साली पंजाबकडून आणि २०१३-१४ साली कर्नाटकाकडून त्यास पराभव पत्करावा लागला. १९७०-७१ ची गोष्ट विशेष बोचण्यासारखी आहे. कारण त्या वेळी वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे मुंबईचे मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते, आणि सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या मुंबईनेच महाराष्ट्रास नमविले. पुण्यात राहणाऱ्या मुंबईकरास शेजाऱ्यांचे टोमणे ऐकावे लागले तरी हंगामाच्या शेवटी करंडकाचे औषध मिळे. परळमध्ये राहणाऱ्या महाराष्ट्राच्या पाठीराख्यास ते औषधही नाही. ज्याने १९४१ साली बालपणी विजय पाहिला, त्याने उरलेले सारे आयुष्य विजयाविना काढले. लाभाची आशा नाही, संगतीस कोणी नाही, आणि पक्ष बदलला असता तर त्याच दिवशी साऱ्या चाळीने पेढे वाटले असते. अशा परिस्थितीत टिकलेल्या भावनेस हट्ट म्हणून हिणविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही.

येथे एक भारदस्त आक्षेप येतो, आणि त्यास बगल देणे समीक्षेच्या धर्मास शोभणार नाही. आक्षेप असा की, निष्ठा कितीही निःस्वार्थी असली तरी ती पक्षपातच. आणि पक्षपात हा रसास्वादाचा शत्रू होय. आपल्या साहित्यशास्त्राने हे पूर्वीच सांगून ठेविले आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील जी विघ्ने गणली, त्यांत 'हे माझे' व 'हे परक्याचे' ही जाणीव प्रमुख आहे. रंगभूमीवरील शोक हा माझा नव्हे, माझ्या शत्रूचा नव्हे, आणि ज्याचे मला सोयरसुतक नाही अशा तिऱ्हाइताचाही नव्हे, अशा अवस्थेस प्रेक्षक पोहोचला म्हणजेच साधारणीकरण होऊन रसाचा उदय होतो. या न्यायाने पाहिले तर संघाचा पाठीराखा हा रसिक ठरूच शकत नाही. तो फटक्याची रेखीवता पाहत नाही, धाव कोणाच्या खात्यावर पडली ते पाहतो. उत्तम प्रेक्षक तोच की ज्यास कोणताच संघ आपला नाही, असा निष्कर्ष यातून काढला जातो, आणि सुशिक्षितांत तो बराच मान्यही आहे.

हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. अभिनवगुप्ताने 'माझे' व 'शत्रूचे' यांबरोबर 'तिऱ्हाइताचे' हेही विघ्नांतच घातले आहे, हे लोक विसरतात. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. त्याचे पाय कोरडे राहतात. ज्यास कोणीही जिंकले तरी सारखेच, त्यास दहावा गडी शेवटची अर्धी घटका कसा टिकून राहतो यातील प्राणान्तिक ओढ कशी कळावी? केवळ तटस्थतेने खेळ पाहणे म्हणजे पोट भरलेल्याने पाकशास्त्र वाचणे. उलट स्वपक्षाच्या जमावात बसलेला पाठीराखा प्रवाहात असतो खरा, पण त्यास प्रवाहाखेरीज दुसरे काही दिसत नाही. या दोहोंहून निराळा असा तिसरा प्रेक्षक म्हणजे प्रतिपक्षाच्या गावात राहणारा पाठीराखा. त्याची ओढ तर जिवंत असते. परंतु त्याचा रोजचा व्यवहार दुसऱ्या बाजूशी असतो. प्रतिपक्षाच्या फलंदाजाचे नाव तो शेजारच्या मुलाच्या तोंडून प्रेमाने उच्चारलेले ऐकतो. ज्या पराभवाने त्यास हर्ष होतो, त्याच पराभवाने समोरच्या बिऱ्हाडात त्या रात्री जेवण गोड लागत नाही, हे तो डोळ्यांनी पाहतो. 'माझे' आणि 'परक्याचे' यांतील भिंत त्याच्या बाबतीत कोणत्याही सिद्धान्ताने नव्हे, तर शेजाराने पातळ केलेली असते. साधारणीकरणाच्या सर्वांत जवळ जर कोणी पोहोचत असेल तर तो हाच मनुष्य होय. देवधर हे स्वतः संस्कृतचे प्राध्यापक होते. १९४०-४१ च्या हंगामात पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा पुण्यात असलेल्या मुंबईच्या पाठीराख्यास एकाच वेळी खंत आणि धन्यता वाटली असेल, तर त्या संमिश्र अवस्थेसच आम्ही रसिकता म्हणतो.

ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी म्हणून १९४८-४९ च्या हंगामातील दोन सामने वाचकांपुढे ठेवितो. दोन्ही पुण्यासच झाले. पहिला मुंबई आणि महाराष्ट्र यांमधील उपांत्य सामना. तो सात दिवस चालला. मुंबईने ६५१ व दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ व ६०४. एकंदर धावा २३७६. पहिल्या दर्जाच्या सामन्यात इतक्या धावा त्यापूर्वी झाल्या नव्हत्या आणि अद्यापही झालेल्या नाहीत. दुसऱ्या डावाच्या आरंभी महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचे लक्ष्य होते. विजय अशक्य हे शेंबड्या पोरासही कळत होते. तरीही तो संघ ६०४ पर्यंत लढत गेला आणि ३५४ धावांनी हरला. आता प्रेक्षकांत बसलेल्या पुणेवासी मुंबईकराचा विचार करा. त्याचा संघ जिंकत होता. त्याच्या आनंदात उणे काही नव्हते. पण सात दिवस ज्यांच्या मांडीस मांडी लावून तो बसला, त्यांचा संघ अशक्याशी झुंजत असताना त्याच्या मनात करुण आणि वीर हे दोन्ही रस जागृत झाले नसतील, असे कोण म्हणेल? धावफलक त्यास विजयी ठरवीत होता. पण सामन्याचा गाभा पराभूताकडे होता, हे कळण्यास पराभूताच्या शेजारी बसणे अवश्य असते.

दुसरा सामना त्याच हंगामातील, डिसेंबर १९४८ मधील, काठेवाडविरुद्धचा. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. संघाची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम मोडण्यास त्यांस अवघ्या १० धावा हव्या होत्या. परंतु काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला, आणि तो विक्रम कायमचा राहून गेला. या घटनेकडे आजवर निंबाळकरांचे दुर्दैव म्हणून पाहिले गेले. आम्हांस तीत दुसराही बोध दिसतो. पराक्रमास प्रतिपक्ष लागतो. समोरचा उठून गेला की पराक्रमही जागच्या जागी थांबतो. त्यास एकट्याने पुढे जाता येत नाही. आपल्या संघाच्या कीर्तीत प्रतिपक्षाचा अर्धा वाटा असतो ही जाणीव सामान्य पाठीराख्यास नसते. प्रतिपक्षाच्या गावात राहणाऱ्यास ती असते, कारण तो रोज त्याच्याच विहिरीचे पाणी भरीत असतो.

याच्या उलट, जेथे निष्ठा जन्माने वाटून दिलेली असते आणि प्रत्येकाने आपापल्या जमावातच बसावयाचे असते, तेथे तिचे काय होते, याचेही उदाहरण आपल्या इतिहासात आहे. ते म्हणजे मुंबईचे चौरंगी व पुढे १९३७ पासून पंचरंगी झालेले सामने. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' म्हणजे बाकीचे, असे ते संघ होते. त्या सामन्यांनी क्रिकेट लोकप्रिय केले, उत्तम खेळाडू पुढे आणले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे पाठीराख्यास निवड नव्हती. पाळण्यात नाव ठेवतानाच त्याचा संघ ठरलेला असे. अशा निष्ठेस आतूनही तडे जातातच. कोकणातील गावाचे नाव आडनावात वागविणाऱ्या पालवणकर बंधूंची हकीकत पाहा. बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर गडी बाद केले. हिंदू संघाचे ते वर्षानुवर्षे मुख्य अस्त्र होते. पण पुण्यास खेळताना ज्या संघासाठी ते घाम गाळीत, त्याच संघातील लोक त्यांस चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात देत. आणि कर्णधारपद तर त्यांस कधीच लाभले नाही. १९२० साली याच प्रश्नावरून विठ्ठल व शिवराम हे त्यांचे धाकटे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. तेव्हा कोठे तडजोड होऊन बाळूंस उपकर्णधार केले गेले, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. स्वपक्षातच परकेपणा भोगून, त्या पक्षास न सोडता, त्यास सुधारावयास लावणारी ही निष्ठा आम्हांस चौरंगी सामन्यांतील सर्व करंडकांहून मोठी वाटते. निष्ठा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, हेही तिने दाखविले.

त्याच सामन्यांत १९४३ साली विजय हजारे यांनी 'रेस्ट'कडून हिंदूंविरुद्ध केलेला पराक्रम प्रसिद्धच आहे. फॉलोऑन मिळाल्यावर संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या. आणि तरीही संघ एका डावाने व ६१ धावांनी हरला. हजारे सांगलीकडचे, मराठी मनुष्य. पण धर्माने ख्रिस्ती, म्हणून 'बाकीच्यां'त. हिंदू प्रेक्षकांत बसलेल्या मराठी माणसाने त्यांस आपला म्हणावे की परका? जन्माच्या एका खुणेने आपला, दुसऱ्या खुणेने परका! निष्ठा जन्मावर टाकली की तिची अशी फजिती होते. गांधीजींनी १९४० साली, महाविद्यालयांचे वा संस्थांचे सामने समजू शकतात, पण धर्मवार सामने समजू शकत नाहीत, असे मत दिले ते यासाठीच. आणि १९४६ मध्ये ते सामने कायमचे बंद पडले. ज्या गावाचे अन्न खातो त्याचा, ज्या मैदानावर खेळलो त्याचा, ज्याच्या खेळाने मन जिंकले त्याचा अभिमान धरावा. हे सर्व अभिमान बदलता येतात, म्हणूनच न बदलण्यास मोल येते.

परदेशीय वाङ्मयात या विषयाची उपेक्षा झालेली नाही. तथापि तेथेही आमच्या मनातील पाठीराखा पुरता सापडत नाही. निक हॉर्न्बी या इंग्रज लेखकाने आर्सेनल या फुटबॉल संघावरील आपल्या भक्तीची कथा १९९२ साली लिहिली. ती प्रामाणिक आहे, चटकदार आहे. पण तीत निष्ठेचे रूप व्यसनाचे आहे. लेखक आपल्याच नाडीवर बोट ठेवून बसला आहे. शेजारच्या घरातील प्रतिस्पर्ध्यास तेथे जागा नाही. सी. एल. आर. जेम्स यांच्या १९६३ च्या ग्रंथाची उंची निराळी. त्रिनिदादमध्ये वर्णाच्या छटेवरून क्रिकेटचे क्लब ठरत; तेथे स्वतः कृष्णवर्णीय असूनही जेम्स यांनी कृष्णवर्णीयांच्या शॅननऐवजी सावळ्या मध्यमवर्गाचा मेपल क्लब निवडला, आणि त्या निवडीने आपण सामान्य जनांपासून दुरावलो, हे त्यांनी पुढे निर्भीडपणे नमूद केले. संघाची निवड ही नैतिक कृती असू शकते, हे सत्य क्रीडावाङ्मयात इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा ग्रंथ आमच्या परिचयाचा नाही. आपल्याकडे पालवणकरांचे चरित्र विस्ताराने पुढे आले तेही रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथातून. ज्या भाषेत ते घडले त्या भाषेस त्याची आठवण परभाषेने करून द्यावी लागली.

हा सारा विचार केवळ करमणुकीचा आहे असे कोणास वाटेल, तर त्याने १९९० साल आठवावे. त्या वर्षी नॉर्मन टेबिट या इंग्रज राजकारणी गृहस्थाने असे प्रतिपादन केले की, इंग्लंडमध्ये येऊन राहिलेला मनुष्य क्रिकेटमध्ये कोणाचा जयजयकार करतो यावरून त्याची त्या देशाविषयीची निष्ठा पारखावी. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या परीक्षेस बसली. कर भरावयाचा, मुले तेथील शाळेत घालावयाची, शेजाऱ्याच्या सुखदुःखात धावून जावयाचे, हे सर्व त्या परीक्षेत शून्य. आणि भारताच्या धावांवर वाजविलेली एक टाळी मात्र गुन्हा! ही कसोटी दापोलीकरास लावून पाहिली म्हणजे तिचा पोकळपणा ध्यानात येतो. पुण्यात तीस वर्षे नोकरी करून मुंबईचे नाव घेणाऱ्यास पुण्याचा द्रोही कोणी म्हटले, तर पुणेकरच प्रथम हसतील. मग हेच हसू अन्य प्रसंगी का मावळते? शेजारी कोणाची टाळी वाजवितो याकडे कान लावून बसण्याची खोड आज आपल्याही देशात दिसू लागली आहे, म्हणून हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो. सासुरवाशीण माहेरची ओवी गाते म्हणून ती सासरचा उंबरा खणते असे नव्हे. मनुष्याच्या मनात निष्ठांच्या अनेक ओवऱ्या असतात. एकीत दिवा लावला म्हणून दुसरीत काळोख होत नाही. जो समाज हे ओळखतो तोच प्रतिपक्षाच्या पाठीराख्यास आपल्यांत सुखाने नांदू देतो. आणि त्यास नांदू देणे हे त्या समाजाच्या आत्मविश्वासाचे लक्षण होय.

एका गोष्टीचा विचार राहिला. निष्ठेने कितीही टिकावे, पण तिचे अधिष्ठानच उचलून नेले तर? अमेरिकेत ब्रुकलिनचा बेसबॉल संघ १९५७ च्या हंगामानंतर चालकांनी उचलून लॉस एंजेलिसला नेला, आणि एका वस्तीचे पाठीराखे एका वर्षात पोरके झाले. आपल्याकडे पुणेकरांनी हे दोनदा भोगले. २००८ साली सुरू झालेल्या लिलावी क्रिकेटात पुण्याच्या नावाचा एक संघ २०११ ते २०१३ पर्यंत चालून मोडला. दुसरा २०१६ साली आला, २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला, आणि ठरलेली दोन वर्षे भरताच नाहीसा झाला. खेळाडू लिलावात विकत घ्यावे, संघ मुदतीने चालवावा, आणि पाठीराख्याने मात्र आजन्म निष्ठा ठेवावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्यास स्वतः टिकावयाचे नाही, त्याने दुसऱ्याकडून टिकण्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी? या तुलनेत रणजी करंडकाचे जुने संघ, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे खेळत का होईना, १९३४-३५ पासून आपले नाव धरून आहेत, ही सामान्य गोष्ट नव्हे. परळमधील महाराष्ट्राच्या पाठीराख्यास विजय मिळाला नसेल, पण हरावयास त्याचा संघ तरी दरवर्षी हजर असतो.

मराठी क्रीडावाङ्मयाचा कोरा रकाना कोणता, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. फटक्यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली. खेळाडूंच्या लकबीही पाठ झाल्या. आता कोणी तरी गिरगावातील महाराष्ट्राच्या आणि सदाशिव पेठेतील मुंबईच्या पाठीराख्याचे चरित्र लिहावे. त्यात विनोद जरूर असावा, पण तो त्याच्यावर केलेला नसून त्याच्याबरोबर बसून केलेला असावा. त्याच्या तोंडी मोठी भाषणे घालू नयेत. सामना हरल्यावर सकाळी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी तो काय बोलतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सामना जिंकल्यावर त्याच शेजाऱ्याशी काय बोलत नाही, एवढे नेमके टिपले तरी पुरे. जिंकलेल्या सकाळचे ते मौन ज्यास साधले, तो मनुष्य खेळ समजला, आणि शेजारही समजला. असे लेखन दापोलीच्या घराने जन्मास घालावे, अशी आमची इच्छा आहे. कारण मुंबई आणि पुणे या दोन्ही गावांची बिऱ्हाडे त्या घराच्या एकाच देव्हाऱ्यापुढे गणपतीस एकत्र बसतात, आणि आरतीस टाळ वाजविताना कोण कोणत्या संघाचा, हे तेथे कोणी विचारीत नाही.